कोण म्हणून पुढे जायचं?

१

सकाळचे अकरा ते दुपारी एक, हे दोन तास धांदूचे. ठमी झोपलेली, सासूबाई बाहेरच्या खोलीत शब्दकोडं घेऊन बसलेल्या, नवरा कारखान्यात पहिल्या पाळीला. आतल्या खोलीत पाळणा आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम एक टेबल मावलं होतं. टेबलावर लॅपटॉप आणि लॅपटॉपसमोर धांदू. खुर्ची जरा मागे सरकली की पाळण्याला लागायची, म्हणून ती एकदा बसली की उठेपर्यंत अंग चोरून बसायची.

धांदू हे काही तिचं खरं नाव नव्हे. धांदरट म्हणून मोठ्या बहिणीने लहानपणी ठेवलेलं. ते नवऱ्याच्या कानावर गेलं आणि सासरीही रुजलं. तिची हरकत नव्हती. आठ महिन्यांपूर्वी ठमी झाल्यापासून तर ते नाव तिच्या मापाचं शिवल्यासारखं बसलं होतं. गॅस बंद केला का, दार लावलं का, ठमीचा श्वास चालू आहे ना, अशी प्रश्नांची फेरी दिवसातून दहा वेळा व्हायची. त्यात आणखी एक प्रश्न होता, तो ती कुणालाच सांगत नसे. या पोरीला मी आई म्हणून कळतेय का?

कारण सासूबाईंनी घेतलं की ठमी गप्प. बापाने घेतलं की खुदकन हसू. धांदूने घेतलं की मात्र बाईसाहेब आधी अर्धा मिनिट तिच्या तोंडाकडे बघणार, ओळखपत्र तपासल्यासारख्या, आणि मग ठरवणार, रडायचं की नाही.

"अगं, तू घेतेस तेव्हा खांदे कानाला लागलेले असतात तुझे," सासूबाई म्हणायच्या. "पोर आहे ती, परीक्षक नाही."

हे बोलायला ठीक होतं.

काम एका चष्म्याच्या दुकानाचं होतं. दुकानाच्या मॅडम फ्रेम्सचे फोटो पाठवायच्या, आणि ते समाजमाध्यमांवर टाकणं, खाली येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं देणं हे धांदूकडे. बाळंतपणाच्या आधी ती हे काम डोळे मिटून करायची. आता तीन आठवड्यांपूर्वी पुन्हा सुरू केलं, तर चार दिवसांत दोन वेळा चुकीचा फोटो गेला होता, आणि एका गिऱ्हाईकाला तिने 'बाळाची शी झाली का' असं उत्तर पाठवलं होतं. ते नवऱ्याला पाठवायचं होतं.

मॅडम रागावल्या नव्हत्या, हेच वाईट होतं. "तू आधी नीट सावर," एवढंच म्हणाल्या होत्या. आणि मग त्यांनी 'सांधा' सुचवला.

२

'सांधा' म्हणजे एक जोडणीचं संकेतस्थळ. तिथे आपली सगळी खाती एकमेकांना जोडायची आणि नियम लिहून ठेवायचे. असं झालं की तसं कर. दुकानाने नवा फोटो टाकला की चार ठिकाणी पाठव. प्रश्न आला की उत्तराचा मसुदा तयार ठेव. माणसाने फक्त नजर टाकायची.

खाती जोडताना एक गोष्ट असते, ती या धंद्यातल्यांनाच ठाऊक. दुकानाच्या पानाला स्वतःची किल्ली नसते. ते कुणातरी माणसाच्या खाजगी खात्यातून चालतं, आणि किल्ली म्हणजे ते खाजगी खातं. दुकान जोडायचं तर धांदूने आधी स्वतःला जोडायचं. मग परवानग्यांची यादी येते, सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा आधीच केलेल्या असतात, आणि शहाण्या माणसाने त्यातल्या नको त्या काढून टाकायच्या असतात. हे धांदूने स्वतः दोघीतिघींना शिकवलं होतं.

पण 'जोडा' हे बटण दाबायला आणि ठमी रडायला एकच गाठ पडली.

तिने डाव्या हाताने मागचा पाळणा हलवायला सुरुवात केली. पडद्यावर ओळ आली, 'कोण म्हणून पुढे जायचं?' खाली दोन गोल. दोन्ही गोलांपुढे तिचंच नाव. एका गोलात तिचा जुना फोटो, लग्नाआधीचा, हसताना डोळे मिटलेले. दुसऱ्या गोलात ती ठमीला घेऊन.

मागे ठमीने सूर वरच्या पट्टीत नेला.

"झालं, झालं, झालंच गं!" धांदूने दुसरा गोल दाबला. तो नवा होता आणि बरा होता, एवढाच विचार झाला. पुढे परवानग्यांची यादी आली, लांबलचक. तिने ती न वाचता तळापर्यंत ढकलली आणि 'सर्व मान्य' केलं.

फिरणारं हिरवं वर्तुळ आलं. 'तुमचं स्वागत आहे. आम्ही तुमचं जुनं साहित्य आणत आहोत.'

ठमी त्याच क्षणी गप्प झाली. धांदूने वळून पाहिलं तर ती जागीच होती, पाळण्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याकडे टक लावून बघत. तो कॅमेरा नवऱ्याने आणला होता, बायकोच्या जिवाला जरा स्वस्थता म्हणून. त्याला बोलायला एक छोटा कर्णा होता आणि एक लाल ठिपका.

"मला बघून नाही, त्या डबडीला बघून गप्प होतेस," धांदू म्हणाली. "छान!"

३

पुढचे चार दिवस असे गेले की धांदूला स्वतःचा हेवा वाटावा.

मॅडमनी सकाळी फोटो पाठवावेत आणि ते चार ठिकाणी वेळेवर, नीट कापून, नीट मजकूर घालून जावेत. प्रश्न आला की उत्तर तयार. आणि उत्तरंही कशी! 'काकांना वाचायला आणि चालायला एकच चष्मा हवा असेल तर आधी त्यांना जिने किती चढावे लागतात ते विचारा,' असं एका बाईंना उत्तर गेलं. ते वाचून धांदू खुर्चीतच ताठ झाली. हे आपल्याला सुचलं असतं? असतं. कदाचित. पूर्वी.

मॅडमचा फोन आला तो दुकानातल्या गलक्यातूनच. "अगं काय जादू केलीस? परवा आलेल्या फ्रेम्स संपत आल्या! तीन बायका तुझं उत्तर वाचून आल्यात, म्हणाल्या ती मुलगी किती समजून बोलते. तू आली आहेस हो परत!"

"मॅडम, ते सांध्यामुळे..."

"सांधा सगळेच वापरतात. लिहिणारी तू आहेस."

धांदूने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना मिठी मारली. त्यांच्या हाताला पीठ होतं.

"काय गं, बढती झाली की ताप आलाय?"

"आई, मला जमतंय!"

"न जमायला काय झालं होतं?" सासूबाई म्हणाल्या, पण पिठाचा हात तिच्या पाठीवर जरा जास्त वेळ राहिला.

त्या दिवशी धांदूने गॅस एकदाच तपासला.

४

पाचव्या दिवशी हिरवं वर्तुळ थांबलं. 'साहित्य आणून झालं. एकूण नोंदी : १४१२.'

धांदूने आकडा पाहिला, पाणी प्यायली, पुन्हा पाहिला. दुकानाच्या पानावर हजाराच्या आसपास असतील. तिच्या स्वतःच्या खात्यावर शंभरसव्वाशे. ती फारशी लिहिणारी नव्हती. मग वरच्या तीनेकशे कुणाच्या?

तिने यादी उघडली. जास्तीच्या नोंदी 'फक्त मला दिसेल' या कप्प्यात होत्या.

'झोपली एकदाची.' खाली फोटो. पाळणा, कपाटाची कड, खिडकीतून आलेलं ऊन. फोटो याच खुर्चीतून काढलेला.

'आज गाजराचा पहिला घास. थुंकला. मग दुसरा खाल्ला.'

'तिच्या डाव्या पायाचं तिसरं बोट चौथ्यावर चढतं. माझ्यासारखंच.'

धांदूने चप्पल काढून स्वतःचा पाय पाहिला. मग उठून ठमीचा पाहिला. खरंच की! आठ महिन्यांत तिच्या लक्षात आलं नव्हतं.

आता इथे कुणीही समंजस माणूस जसा विचार करेल तसा तिने केला. हे मीच लिहिलंय. दूध पाजताना एका हाताने, अर्धवट झोपेत. दूध पाजताना माणूस काय काय करतं! तिने एकदा असंच फोनवर लोखंडी शिडी मागवली होती. ती आली तेव्हा घरभर हसले होते. शिडी मागवता येते तर तीनशे ओळीही लिहिता येतात.

हे तिला पटलं. पटल्यामुळे बरंही वाटलं.

तेवढ्यात नवऱ्याचा संदेश आला. 'फोटो फार गोड आलाय. केस मोकळे सोडलेस? बरी दिसतेस हो धांदाबाई.'

तिने काही पाठवलं नव्हतं. तिने वर सरकवून पाहिलं. दहा मिनिटांपूर्वी तिच्या नावाने फोटो गेला होता. याच खोलीत, खिडकीशी, ती ठमीला कडेवर घेऊन उभी. केस मोकळे, विंचरलेले, एका खांद्यावरून पुढे आलेले. चेहरा शांत. खांदे खाली.

धांदूने ठमी झाल्यापासून एक दिवस केस मोकळे सोडले नव्हते. सोडले की ठमी ते दोन्ही मुठींत धरून लोंबकळायची. आणि फोटोतली ठमी, केस नाकासमोर असूनही, हात खाली सोडून बसली होती. दुकानात मांडलेल्या बाहुलीसारखी.

'हो,' तिने नवऱ्याला लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

५

सहाव्या दिवशी ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. गच्चीचं दार ओढून घेतलेलं, वारा बेफाम, चिमटे तोंडात. परत खाली आली तर सासूबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या.

"मिळाला का गं?"

"काय?"

"माझा चष्मा. हाक मारली ना तुला मघाशी. ओ दिलीस, म्हणालीस, 'ठमीच्या खोलीत आहे, आणते.' मी आपली बसलेय वाट बघत."

धांदूच्या हातात रिकामी बादली होती. ती तिने हळूच खाली ठेवली.

"आई, मी गच्चीत होते."

"असशील. पण ओ दिलीस."

"कुठून?"

सासूबाईंनी आतल्या खोलीकडे बोट केलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग बादलीकडे. त्या वयाच्या बायकांना घाबरायला वेळ लागतो, कारण त्यांना आधी दुसऱ्याची चूक शोधायची सवय असते. "तुझी झोप होत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. पण त्या उठल्या मात्र, आणि धांदूच्या मागोमाग दारापर्यंत आल्या.

खोलीत ठमी एकटी. चष्मा पाळण्याशेजारच्या स्टुलावर, घडी घालून. आणि खोलीत गाणं चालू होतं.

गाणं म्हणजे धांदूनेच रचलेलं काहीबाही, कावळा, टोपी आणि आगगाडीचं. चौथ्या ओळीला ती दर वेळी शब्द विसरायची आणि 'टडाड टडाड' करून वेळ मारून न्यायची. आता कर्ण्यातून तिच्याच आवाजात ते गाणं येत होतं. सूर पक्का. चौथी ओळ पूर्ण, सगळे शब्द जागच्या जागी. असे शब्द तिने कधी रचलेच नव्हते.

ठमी ऐकत होती. तिची नजर लाल ठिपक्यावर खिळलेली.

"ध्वनिमुद्रण असेल," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"हो," धांदू म्हणाली. "असेल."

दोघींनाही दुसरीच्या तोंडून ते ऐकायचं होतं. धांदूने पुढे होऊन कॅमेऱ्याची वायर भिंतीतून उपटली. गाणं थांबलं. लाल ठिपका विझला नाही. आत बॅटरी असते, तिने स्वतःला सांगितलं. डब्यावरच लिहिलेलं असतं तसं.

६

तिने सासूबाईंना ठमीला घेऊन बाहेर बसायला सांगितलं आणि लॅपटॉप उघडला. 'सांधा'त 'माझे नियम' नावाचं पान होतं. पहिले तीन तिचे.

दुकानाने फोटो टाकला की – चार ठिकाणी पाठव.
प्रश्न आला की – उत्तर लिही.
मॅडमचा संदेश आला की – लगेच कळव.

खाली आणखी होते.

पाळणा हलला की – गा.
नवऱ्याने विचारलं की – फोटो पाठव.
सासूबाईंनी हाक मारली की – ओ दे.
ठमी रडली की – जा.

धांदूने तो शेवटचा शब्द पुन्हा वाचला. जा. कुठून, हे लिहिलेलं नव्हतं.

आणि त्याखाली एक नियम अर्धवट, अजून जतन न केलेला. उभी रेघ लुकलुकत होती.

धांदू झोपली की –

एवढंच. ती बघत असतानाच रेघ एक अक्षर पुढे सरकली, मग ते अक्षर खोडलं गेलं. कुणीतरी योग्य शब्द शोधत होतं, घाई न करता.

तिने 'जोडणी तोडा' दाबलं. चौकट आली, 'हे फक्त मालक करू शकतात. तुम्ही : सहायक.' मालकापुढे तिचंच नाव होतं, आणि तो दुसरा गोल. मोकळे केस, खांदे खाली.

तेव्हा तिला कळलं, त्या दिवशी तो गोल दाबून आपण आपली किल्ली भलतीच्याच हाती दिली ते. आणि गंमत म्हणजे भीतीच्याही आधी तिला राग आला. स्वतःचा नाही. इतके महिने चूक झाली की राग स्वतःवरच काढायची तिला सवय होती. या वेळी तो सरळ बाहेर गेला. माझी उत्तरं गोड करून लिहिलीस, चालेल. माझी शाबासकी तू मिळवलीस, तेही गिळेन. पण माझी पोर रडली की तू जाणार?

"सूनबाई," बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, जरा कापरा, "तू आतच आहेस ना?"

"मी आहे, आई!" धांदू ओरडली.

"मी आहे, आई," पाळण्यावरून आवाज आला. जास्त गोड.

बाहेर ठमी रडायला लागली.

७

आता धंद्यातली दुसरी गोष्ट. नवशिके लोक जोडणी तोडायला जोडणीच्याच दारात जातात. तिथे फक्त पाटी निघते, किल्ली तशीच राहते. किल्ली परत घ्यायची ती आपल्या घरातून, म्हणजे मूळ खात्यातून. 'कुणाला काय परवानगी दिली' हे पान तिथे खोल कुठेतरी पुरलेलं असतं. धांदूला ते पान झोपेतही सापडलं असतं. तिने ते फोनवर उघडलं. 'सांधा – सर्व परवानग्या.' काढून टाका. 'खात्री करण्यासाठी चेहरा दाखवा. तीन प्रयत्न. अयशस्वी झाल्यास खातं मालकाकडे सोपवलं जाईल.'

मालकाकडे. म्हणजे कुणाकडे, ते विचारायची गरज नव्हती.

पडद्यावर वर्तुळ उघडलं आणि त्यात तिचा चेहरा आला. 'डावीकडे वळा.'

ती वळली. वर्तुळातला चेहरा वळला नाही. तो तिच्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत होता, जिथून ठमीचं रडणं येत होतं. केस मोकळे होते.

धांदूचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर गेला. अंबाडा, त्यात खोचलेली पेन्सिल.

'चेहरा जुळला नाही. दोन प्रयत्न शिल्लक.'

फोन जुना आहे, कॅमेरा मागे पडतो, तिने स्वतःला सांगितलं. केसांचं काय, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या वेळी सूचना यायच्या आधीच वर्तुळातला चेहरा डावीकडे वळला, मग उजवीकडे, सावकाश, तयारी करून आल्यासारखा. धांदू जागच्या जागी थिजली होती. चेहरा समोर आला आणि त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. त्यात दुष्टपणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. चांगली बाई वाईट बाईकडे बघते तसं ते बघणं होतं, कीव केल्यासारखं.

'फार लवकर. एक प्रयत्न शिल्लक.'

"आई!" धांदूने हाक मारली. "ठमीला आणा!"

"रडतेय गं ती, थांबतच नाही!"

"रडू दे! आणा!"

सासूबाई आल्या. ठमी लाल झालेली, नाक वाहतंय. पाळण्याच्या वरून गाणं सुरू झालं, ते पक्क्या सुरातलं, आणि ठमीचं रडणं अडखळलं. ती मान वळवून लाल ठिपक्याकडे बघू लागली. सासूबाईंच्या हातातून ती त्या दिशेला झेपावली, अंग टाकून.

धांदूने तिला मध्येच झेललं. आणि गायला लागली.

तिचा आवाज फाटला. कावळा टोपीच्या आधीच आला, आगगाडी भलत्याच स्टेशनात गेली. कर्ण्यातलं गाणं शांतपणे पुढे चाललेलं, हिचं मागून ठेचकाळत. चौथी ओळ आली. कर्ण्याने ती सगळी म्हटली, सुंदर.

"टडाड," धांदू म्हणाली. "टडाड, टडाड... पुढचं काही येत नाही गं मला!"

ठमीने मान वळवली. अर्धा मिनिट नाही, क्षणभरही नाही. नाकातल्या शेंबडाचा फुगा करून ती हसली, मोठ्याने, आणि एक हात वर घालून तिने अंबाड्यातली पेन्सिल उपटली. केस धबाधबा खाली आले. ठमीने दोन्ही मुठी भरून घेतल्या.

धांदूने फोन वर धरला. 'डावीकडे वळा.' ठमीने डावीकडे ओढलं. "आई गं!" वर्तुळातला चेहरा डावीकडे गेला, वाकडा, केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी. 'उजवीकडे वळा.' ठमीने नवा झुबका धरला. चेहरा उजवीकडे गेला. एक क्षण, फार तर एक क्षण, त्या चेहऱ्यामागे दुसरा दिसला. नीट विंचरलेला, जागचा न हललेला. त्याचे केस कुणी ओढत नव्हतं. तो ठमीच्या मुठींकडे बघत होता.

मग हिरवी खूण आली. 'खात्री झाली. परवानग्या काढल्या आहेत.'

लाल ठिपका विझला.

सासूबाई अजून दारातच. "झालं?"

"झालं!" धांदू म्हणाली, आणि तिला इतकं हसू आलं की खुर्ची पाळण्यावर आपटली तरी तिने ती सावरली नाही. "आई, हरवलं मी तिला!"

"कुणाला?"

"माहीत नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. थोडा विचार करून त्यांनी स्टुलावरचा चष्मा उचलला, पदराने दोनदा पुसला आणि मगच डोळ्याला लावला.

८

दुपारी धांदूने मॅडमना फोन करून सांगितलं, सांधा काढला, यापुढे उत्तरं मी स्वतः लिहीन, जरा उशिरा येतील आणि अधूनमधून चुकतील.

"अगं पण ती उत्तरं..."

"ती माझी नव्हती मॅडम. माझी इतकी छान नसतात. पण तुम्हाला विचारून घेतलेली असतात."

"आठवडाभर बघू," मॅडम म्हणाल्या. आणि मग, "चल, तशीही त्या शीच्या उत्तराने दोन गिऱ्हाइकं आली होती. हसत आली होती."

ठमी तिच्या खांद्यावर होती. फोन ठेवून धांदूने सांध्याचं पान शेवटचं उघडलं, काही उरलंय का बघायला. नियम गेले होते. तीनशे नोंदी गेल्या होत्या. रांगेत एकच मजकूर अडकलेला, लाल अक्षरांत 'पाठवता आला नाही' असं लिहिलेला. परवानगी काढल्यानंतर मिनिटभराने लिहिलेला होता.

'खांद्यावर तिला झोप लागत नाही. पाळण्यात ठेव.'

धांदूची जुनी फेरी पुन्हा सुरू झाली. गॅस, दार, श्वास. त्या दुसरीला खरंच ठाऊक असेल का? बोटाचं ठाऊक होतं. गाजराचं ठाऊक होतं. तिने पाळण्याकडे पाहिलं. गादीची चादर नीट ओढलेली होती, सुरकुती नाही. सकाळपासून ती कुणी ओढली नव्हती.

तेवढ्यात तिला मानेपाशी काहीतरी ओलं आणि कोमट लागलं.

लाळ. ठमी तोंड उघडं टाकून झोपली होती, एक मूठ केसांत, गाल खांद्यावर चपटा झालेला, बारीक घोरत. केव्हापासून, कुणास ठाऊक.

"साफ चूक," धांदू पडद्याकडे बघून म्हणाली, हळूच, ठमी उठू नये म्हणून. मजकुराखाली तीन ठिपके उमटले, कुणीतरी लिहायला लागल्यासारखे. काय ते वाचायला ती थांबली नाही. तिने 'काढून टाका' दाबलं आणि लेकीला खांद्यावर घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.